कारणाचा रकाना

करोल बागेत दिवाळीच्या आधीच्या शनिवारी कपड्यांच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नसते. अशा गर्दीत एखादा तरुण काउंटरवर वाकून "भैया, बाथरूम है?" असं विचारू लागला, तर दुकानदार काय उत्तर देणार हे दिल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. दुकानदारानं तेच उत्तर दिलं. तरुणानं मान हलवली, पण तो जागचा हलला नाही... काउंटरची कड धरून उभाच राहिला. ऑक्टोबर संपत आला होता आणि त्याच्या कपाळावर मे महिन्यातला घाम होता.

शेजारी अक्षता कारखानीस आईच्या साडीला जुळणारा ब्लाउजपीस शोधत होती. तिनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. माणूस ओळखीचा नव्हता, पण तो चेहरा ओळखीचा होता. असे चेहरे ती दर गुरुवारी चाळीस-पन्नास तरी बघायची. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या पोटविकार विभागात ती रिसर्च कोऑर्डिनेटर होती. तिनं हातातलं कापड खाली ठेवलं आणि दुकानदाराला अस्सल दिल्लीच्या हिंदीत, आवाज न चढवता समजावलं, की हा माणूस आजारी आहे, त्याला आत जाऊ द्या. नाहीतर पुढच्या दोन मिनिटांत तुमच्या दिवाळीच्या मालाचं जे होईल त्याला मी जबाबदार नाही. दुकानदारानं मालाकडे पाहिलं, तरुणाकडे पाहिलं, आणि मागचा पडदा बाजूला केला.

प्रेमकथा कुठून सुरू व्हावी याचे काही नियम असते, तर ही गोष्ट तिथंच बाद झाली असती.

तो बाहेर आला तेव्हा त्यानं तोंड धुतलेलं होतं आणि कान लाल झाले होते. अक्षता फोनवर आईशी रंगावरून वाद घालत होती. मराठी कानावर पडताच तो थबकला, फोन संपेपर्यंत थांबला, आणि आभार कसे मानावेत हे न सुचल्यामुळे त्यानं भलतंच विचारलं.

"तुम्ही डॉक्टर आहात का, मॅडम?"

"नाही. डॉक्टरांच्या वतीनं नको ते प्रश्न विचारते."

"म्हणजे... कसले?"

"म्हणजे दिवसातून किती वेळा जावं लागतं? रक्त पडतं का?"

हणमंत बिरादार हा उदगीरचा. वय सत्तावीस, यूपीएससीचा तिसरा प्रयत्न, करोल बागेच्या मागच्या गल्लीत खिडकी नसलेली खोली. आजवर कुठल्याही मुलीनं पहिल्या भेटीत त्याला काही विचारलं नव्हतं, आणि विचारलंच तर हे विचारील अशी त्याची कल्पना नव्हती. तो खाली बघत म्हणाला, "सात-आठ वेळा... आणि हो." तिनं बिलाच्या मागे ओपीडीचा वार आणि खोली क्रमांक लिहून दिला. तिच्या दृष्टीनं तेवढंच होतं. गुरुवारी रांगेत तो पहिला होता, हे तिनं पाहिलं आणि आपण पाहिलं हेही तिच्या लक्षात आलं.

आजार जुनाच निघाला. मोठ्या आतड्याला सूज येते, जखमा होतात, कधी शांत बसतो, कधी उसळतो. औषधं आहेत, पण सगळ्यांना पुरी पडत नाहीत. विभागप्रमुख डॉ. भानुमती या केरळच्या, साठीकडे झुकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्या एक जुनंच औषध नव्या कामाला लावून बघत होत्या. छातीतला कफ पातळ करायला वर्षानुवर्षं दिलं जाणारं साधं औषध; ते अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे लोखंडाला गंज चढतो तशी शरीरात आतल्या आत जी झीज चालते ती थोपवणारं. खोकल्यात चालतं ते आतड्यात चालेल का, एवढाच प्रश्न होता. साठ रुग्ण, बारा आठवडे, नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवून. निम्म्यांना खऱ्या कॅप्सूल, निम्म्यांना पोकळ, औषध नसलेल्या. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, अक्षताला नाही, डॉ. भानुमतींनाही नाही. मानेसरच्या एका कारखान्यातून सारख्या दिसणाऱ्या डब्या यायच्या. खऱ्या औषधाला कुजक्या अंड्याचा वास येतो, म्हणून पोकळ कॅप्सूललाही तो वास मुद्दाम लावलेला होता.

"आमच्या सात पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावला नाही, मॅडम," डबी उघडून हणमंत म्हणाला. "आता मी सकाळ-संध्याकाळ..."

"रिपोर्टमध्ये लिहू? धर्म बुडाला म्हणून?"

"लिहा की. साइड इफेक्टमध्ये."

अक्षता हसली. डॉ. भानुमतींनी पलीकडच्या टेबलावरून मान वर केली, म्हणून ती लगेच फॉर्म भरू लागली.

प्रत्येक रुग्णानं रोज एक डायरी भरायची होती. किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का, पोटात किती दुखलं. दर रविवारी सकाळी अकरा वाजता अक्षता फोन करून आठवड्याची विचारपूस करायची आणि पंधरा दिवसांनी गुरुवारी रुग्णानं डायरी घेऊन यायचं. रविवारचं काम प्रत्येकी चार मिनिटांचं. हणमंतचा फोन तिसऱ्या रविवारी एकवीस मिनिटं चालला आणि पाचव्या रविवारी पन्नास. त्याचा नंबर तिनं यादीत हळूहळू शेवटी कधी सरकवला, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मलेली आणि वाढलेली. तिची मराठी घराच्या तीन खोल्यांपुरती. क्रॅम्प येतात का, असं तिनं विचारलं की तो म्हणायचा, मुरडा म्हणा. ब्लोटिंगला तो गुबारा म्हणायचा. असे शब्द तिला भारी आवडायचे, आणि ते फॉर्मवर लिहिता येत नाहीत याचं वाईट वाटायचं. जगात प्रेमिक एकमेकांना फुलांची, चांदण्यांची नावं सांगतात म्हणे. या दोघांनी पोटाच्या दुखण्याची नावं वाटून घेतली, आणि त्यात त्यांचं काही अडलं नाही.

शिवाय आकडे उतरत होते. चौथ्या रविवारी सातावरून सहा झाले. "अरे वा!" ती म्हणाली. पुढच्या रविवारी पाच, मग चार, मग तीन. नाताळ येईपर्यंत हणमंत दोनावर आला, म्हणजे धडधाकट माणसाच्या रांगेत. अक्षताला आनंद व्हायचा. हा आनंद औषध चालतंय म्हणून आहे, असं ती स्वतःला बजावायची. मग जेवताना आईलाही सांगायची की आमचा एक पेशंट बघ कसा सुधारतोय.

आई, म्हणजे प्रभाताई, यांना 'एक पेशंट' या शब्दांतलं सगळं कळलं. मेसच्या मसालेदार भाजीला कंटाळून मऊ वरणभाताची आठवण काढणारं उदगीरचं पोर आपल्यापासून आठ-दहा किलोमीटरवर राहतं, हे ऐकल्यावर त्यांनी नव्या वर्षाच्या पहिल्याच रविवारी त्याला जेवायला बोलाव म्हणून सांगितलं. अक्षतानं आढेवेढे घेतले. चाचणी चालू असताना कोऑर्डिनेटरनं रुग्णाशी कामाबाहेर संबंध ठेवायचा नाही, हा नियम तिनंच दरवेळी नव्या मुलांना शिकवला होता. तिची नोकरी कंत्राटी, मार्चमध्ये नूतनीकरण. हे सगळं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बोलावलं.

रविवारी धुकं बारा वाजता उठलं. हणमंत साडेअकरालाच आला होता, इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर मित्राचा स्वेटर घालून. बाबा टूरवर होते. प्रभाताईंनी वरणभातावर तुपाची धार धरली, लिंबाची फोड ठेवली आणि उदगीरच्या चौकशा सुरू केल्या. तो लाजत, पण पोटभर जेवला. अक्षता त्याच्या समोर बसली होती. त्यानं एकदा मान वर केली तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती... दोघांनीही घाईनं वरण वाढून घेतलं.

क्वार्टरच्या बाथरूमची कडी गंजलेली. लावताना वाजते, काढताना वाजते. चार वाजेपर्यंत ती चार वेळा लागली आणि चार वेळा निघाली. तो गेल्यावर भांडी आवरताना प्रभाताई म्हणाल्या, मुलगा गुणी आहे गं, पण दुपारभरात चार वेळा उठला. तुझं औषध खरंच चालतंय ना? अक्षतानंही मोजलं होतं. मोजायची सवयच लागली होती.

गुरुवारी हणमंत डायरी घेऊन आला. आधी तिनं त्याला वजनकाट्यावर उभं केलं. पंधरा दिवसांत तीन किलो गेले होते. मग तिनं डायरीतला रविवार काढला. तिथं सुबक अक्षरात लिहिलं होतं, दोन.

तिनं नियमाप्रमाणे खोलीचं दार उघडंच ठेवलं आणि आवाज खाली आणला.

"रविवारी दोन?"

"हो..."

"दुपारचेच चार होते. आईनं मोजले. मीही मोजले. दिवसाचे किती झाले, बिरादार?"

त्यानं डायरीची कड दुमडली. "नऊ," तो म्हणाला.

"आणि आधीचे आठवडे?"

"चौथ्या रविवारपर्यंतचं खरं आहे. सहा झाले होते, खरंच झाले होते. तुम्ही 'अरे वा' म्हणालात. दुसऱ्या दिवशी परत सात. सात म्हटलं की तुम्ही नुसतं 'अच्छा' म्हणता, मॅडम. मला ते नको होतं."

"आणि म्हणून तुम्ही खोटं लिहिलं? नीतिशास्त्राचा पेपर पाठ करताय ना तुम्ही रोज?"

"पोटात एक नि ओठात एक झालं माझं," तो म्हणाला. "लई चुकलं."

अक्षताला राग आला होता, आणि रागात तिची मराठी नेहमीपेक्षा बरी चालायची. तिनं त्याला सांगितलं की तुम्हाला पोकळ कॅप्सूल मिळत असेल, तर पोकळ कॅप्सूलनं माणूस बरा होतो असं दिसेल आणि कामाचं औषध कचऱ्यात जाईल. खरं औषध मिळत असेल, तर बिनकामाचं औषध पुढं हजारो लोक गिळत बसतील. साठच माणसं आहेत. साठात एक म्हणजे थोडा नव्हे. आणि इतके दिवस तुमचं रक्त जातंय ते वेगळंच.

"आणि मी घरी सांगत होते," ती म्हणाली, "की तुम्ही बरे होताय. मी इतकी खूश होते, यार..."

चाचणीच्या कागदांवर खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी खरा आकडा, सही, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात दुरुस्तीचं कारण. खरे आकडे आणायचे कुठून, असं अक्षतानं विचारलं तेव्हा हणमंतनं सांगितलं की ते आहेत. अभ्यासाला बसणारी ही मुलं तासातासाचा हिशेब ठेवतात; त्याच्या वहीत प्रत्येक उठणं मिनिटांसकट लिहिलेलं होतं, कारण तेवढा वेळ तो रात्री भरून काढायचा. परीक्षेशी तो प्रामाणिक होता. बेइमानी फक्त तिच्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुरुस्त केलेली डायरी घेऊन डॉ. भानुमतींच्या खोलीत बसला होता. काय झालं ते त्यानं आपल्या उदगिरी हिंदीत स्वतःच सांगून टाकलं होतं. अक्षताला आत बोलावलं गेलं. डायरी ज्याला जी भाषा येते त्या भाषेत भरायची मुभा होती, आणि डॉ. भानुमतींना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून तिला ते हिंदीत सांगायला सांगितलं, कारण ते नोंदीत जाणार होतं.

अक्षतानं आधी मनात वाचलं. मग तिला वाटलं की आपल्याला मराठी येत नाही असं सांगावं.

"आकडा कमी झाला," तिनं एकेक शब्द हिंदीत ठेवला, "की कोऑर्डिनेटर मॅडमना आनंद होतो. तो ऐकायला मिळावा म्हणून."

"आणि त्याच्या खाली?"

"वरीलप्रमाणे."

"त्याच्या खाली?"

"वरीलप्रमाणे, मॅडम. सगळीकडे तेच आहे. चव्वेचाळीस वेळा."

हणमंत जमिनीकडे बघत होता. सरकारी नोकरीची तयारी करणारा माणूस. प्रेमही त्यानं रीतसर नोंदवलं होतं. डॉ. भानुमतींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कम से कम कंसिस्टंट है," त्या म्हणाल्या, आणि पान उलटलं.

त्या पानावर त्यांचं बोट थांबलं. पंचेचाळीस दुरुस्त्यांपैकी एका दिवसासमोर खरा आकडाच नव्हता. रविवार, चार जानेवारी. दोनावर रेघ मारलेली आणि शेजारी, 'आठवत नाही'. हाच एक दिवस का आठवत नाही, असं त्यांनी हणमंतला विचारलं. तो म्हणाला की त्या दिवशी अभ्यास केला नव्हता, म्हणून वहीत नाही. किती असतील अंदाजे? नाही आठवत, मॅडम, तो पुन्हा म्हणाला, आणि त्यानं अक्षताकडे चुकूनही पाहिलं नाही.

आकडा त्यानं तिलाच काल सांगितला होता. नऊ. ते नऊ लिहिले असते तर प्रश्न आला असता की तुम्ही होतात कुठं, आणि तिची नोकरी त्या उत्तरात अडकली होती. म्हणजे चव्वेचाळीस दिवसांचं खरं लिहून त्यानं एक खोटं मागं ठेवलं होतं, तिच्यासाठी. तिला फक्त गप्प बसायचं होतं. एक कोरी जागा. साठ रुग्णांच्या हजारो नोंदींत ती कुणी पाहिलीही नसती.

"नऊ, मॅडम," अक्षता म्हणाली. "त्यातले चार आमच्या घरी. मी त्यांना जेवायला बोलावलं होतं. मी स्वतः मोजले."

हणमंतनं झटकन मान वर केली. "त्यांची चूक नाही, मॅडम –"

"तुम्ही गप्प बसा," अक्षता म्हणाली. "आता तरी."

डॉ. भानुमतींनी डायरी मिटली. त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. अक्षतानं सगळं लेखी द्यायचं. प्रकरण एथिक्स कमिटीपुढे जाईल. आजपासून या रुग्णाची फाइल दुसरा कोऑर्डिनेटर वेदांत बघेल, आणि शेवटचा रुग्ण संपून नोंदवही बंद होईपर्यंत दोघांनी एकमेकांशी भेटायचं-बोलायचं नाही. मग त्या हणमंतकडे वळल्या. कॅप्सूल आजच बंद, रक्ताची तपासणी आत्ता, आणि जोरकस औषध आज सुरू. तुमच्या लाजेपायी तुमचं आतडं जाऊ शकलं असतं, एवढं त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये नेहमीची झुंबड होती. रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन तो उभा होता.

"शेवटचा पेशंट कधी संपतो?" त्यानं विचारलं.

"पंधरा मे."

"चार महिने..."

"सोळाला मी फोन करीन. कामाचा नसेल."

"मग कशाचा?"

"तुम्ही मला आवडता, त्याचा," ती म्हणाली. "आणि हे मी आज सांगायला नको होतं. जा, ब्लडची लाइन वाढतेय."

पुढचे चार महिने कुणी कौतुकानं सांगावेत असे नव्हते. कमिटीनं अक्षताला लेखी समज दिली आणि कंत्राट वर्षाऐवजी तीन महिन्यांनी वाढवलं. वेदांतचं कपाट तिच्या टेबलापासून दोन हातांवर होतं. हणमंतची फाइल कुठल्या खणात आहे हे तिला माहीत होतं, पण तिनं तो खण उघडला नाही. त्याला ॲडमिट करावं लागलं का, त्याचं रक्त वाढलं का, तो दिल्लीत आहे की उदगीरला परत गेला, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. रविवारी अकरा वाजता ती इतरांना फोन करायची, प्रत्येकी चार मिनिटं. यादी लवकर संपायची आणि तिला त्याची फार आठवण यायची. प्रभाताई एकदा म्हणाल्या की नियम पाळणारी माणसं चांगली, पण त्यांना घरात बघवत नाही.

पंधरा मेला संध्याकाळी रोहतकच्या एका बाईंची शेवटची नोंद झाली आणि वही बंद झाली. औषध चाललं की नाही, हे कळायला अजून अवकाश होता.

सोळाला सकाळी अक्षतानं बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि फोन केला. तो पहिल्या रिंगला उचलला गेला.

"अक्षता बोलतेय."

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

"लई वाट बघितली," हणमंत म्हणाला. मग जरा चाचरत, "पण... दहा मिनिटं देता? कळ आलीय. आधीपेक्षा लई बरं आहे आता, पण आज सकाळपासून ही तिसरी वेळ आहे. फोन ठेवू नका. मी आलोच."

चार महिने वाट पाहून आलेल्या फोनवर दुसरा कुठलाही माणूस हे बोलला नसता. दात-ओठ आवळून गोड बोलत राहिला असता, आणि वेळ मारून नेली असती.

"जा," ती म्हणाली. "मी आहे."

ती फोन कानाशी धरून बाल्कनीत उभी राहिली. पलीकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती. स्वयंपाकघरातून आईनं हाक मारून विचारलं, कुणाचा फोन आहे.

"हणमंतचा."

"मग बोलत का नाहीस?"

"तो संडासला गेलाय," अक्षता म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.